शिल्लक शून्य

बेअरिंगचा ट्रक पुलापलीकडे अडकला होता, आणि इकडे तपासणीला आलेल्या मॅडम स्टोअरच्या रिकाम्या फळीवरून बोट फिरवत होत्या. बोटाला धूळ लागली. मॅडम खूश झाल्या. धूळ म्हणजे इथे माल साठवत नाहीत याचा पुरावाच की!

“आजचा ट्रक?”

“निघालाय,” मालक म्हणाला. निघाला होता हे खरं. पूल बंद असल्याने आज पोचणार नव्हता हेही खरं, पण तेवढं त्याने गिळलं.

कारखाना कूलरच्या मोटरी बनवायचा आणि त्या सगळ्या एकाच मोठ्या कंपनीला जायच्या. मॅडम त्याच कंपनीच्या. साठा करायची जुनी खोड सोडा, नवी सिस्टीम घ्या, असं त्यांनीच गेल्या वर्षी बजावलं होतं. काय संपलं ते संगणक बघेल, संगणकच मागवेल. सकाळी माल येईल, संध्याकाळी मोटरी जातील. आज मॅडमच्या डोळ्यांदेखत काम थांबलं, तर करार गेला. करार गेला की कारखान्याला टाळं आणि सगळे घरी.

स्टोअर मालकाची थोरली बहीण सांभाळायची. सिस्टीम आली तेव्हा ती कडाडली होती. “अरे, अवचित पाहुणा आला तर पीठ काय संगणकाकडे मागायचं?” मालक ऐकतोय कसला! नुकताच या सिस्टीमच्या शिबिराला जाऊन आला होता. त्याने कपाटं रिकामी करवली, माणसं गोळा केली आणि भाषण ठोकलं. “एक नग जादा सापडला, तर गाठ माझ्याशी!”

आता तो बहिणीकडे बघत होता आणि ती छताकडे.

“ताई, काम थांबेल का गं?”

“मला कशाला विचारतोस? तुझ्या संगणकाला विचार.”

संगणक लाल अक्षरांत सांगतच होता, शिल्लक शून्य.

पण काम थांबलं नाही. फोरमन बोट कापल्यासारखा चेहरा करून प्रथमोपचाराच्या पेटीकडे गेला आणि फुगलेले खिसे घेऊन परतला. वाइंडिंगवालीला भलत्या वेळी भूक लागली. तिने डबा उघडला, खाल्लं काहीच नाही. आगीच्या बादलीतली वाळू कुणीतरी उकरली, तर आत प्लास्टिकची पिशवी. जो तो साळसूद, आणि बेअरिंगं येतायत आपली! ताईने तर खुर्चीत पाठीशी घेतलेली उशी सगळ्यांसमोर उसवली. वर्षभर तिची कंबर का दुखत होती, ते मालकाला आज कळलं.

मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या, आणि मालकाला त्याचीच धास्ती.

दुपार कलली तशी चोरून ठेवलेली बेअरिंगंही संपत आली. ताई केबिनमध्ये शिरली आणि तिने दार लोटलं.

“काढ.”

“काय काढू?”

“तुझ्या कपाटातलं.”

“ताई, नियम मी स्वतः केलाय!”

“म्हणून तर कुलूप बदललंस ना?”

मालक कानापर्यंत लाल झाला. कपाट उघडून त्याने शिबिरात मिळालेलं प्रमाणपत्र बाजूला सरकवलं. मागे बेअरिंगचे खोके होते, चांगले नीट रचलेले. ताई हसली नाही, हे तिचे उपकारच.

शेवटची मोटर खोक्यात गेली. मॅडमनी पडद्यावरचं शून्य पाहिलं, मोटरींची चळत पाहिली आणि मालकाला बाहेर बोलावलं. ताईने डोळे मिटून घेतले.

गाडीजवळ मॅडम थांबल्या. “ट्रक आलाच नाही ना?”

“नाही.” आता लपवून काय उपयोग? “मॅडम, माणसांना बोल लावू नका. आधी मीच लपवलं होतं. काय करायचं ते माझं करा, पण करार तोडू नका. एवढी घरं आहेत हो यावर.”

“करार कोण तोडतंय?” मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणला. “आमच्याकडेही वरून हुकूम आहे, गोदामात एक मोटर जादा दिसता कामा नये. पुढे सगळा उन्हाळा आहे, आणि मला झोप नाही. थोड्या मोटरी तुमच्याकडे आमच्यासाठी ठेवाल? कागदावर नको, संगणकात तर नकोच.”



मॅडम गाडीत बसल्या, आणि काच वर करता करता म्हणाल्या, “तुमच्या ताईंना विचारा, गादी शिवतात का?”