पहिलं राज्य

शिरूर अनंतपाळहून लातूरला नुकतीच राहायला आलेली लायबा लपाछपी खेळायला गल्लीत आली, तेव्हा सत्यमनं लगेच जाहीर करून टाकलं, “नवीन हाय बिचारी. कच्चं लिंबू राहू द्या. सापडली तरी हिच्यावर राज्य न्हाई.”

“न्हाई,” कावेरी म्हणाली. “आजचं पहिलं राज्य हिच्यावरच.”

लायबाचं तोंड एवढंसं झालं. तिला तर अजून गल्लीतली घरंही ओळखू येत नव्हती.

“लई दुष्ट हायस गं तू!” सत्यम चिडला. “मागल्या वर्षी तू निलंग्याहून आलीस, तवा तुझ्यावर एकदा तरी राज्य येऊ दिलं का आम्ही?”

नव्हतं येऊ दिलं. कावेरी ते कसं विसरणार? तेव्हा ती पाण्याच्या टाकीमागं अंग चोरून, श्वाससुद्धा दबकत घेत बसली होती. कुणी शोधायलाच येईना. अंधारून आलं, डासांनी पाय फोडून काढले, म्हणून शेवटी आपणच बाहेर आली. गल्लीत कुणी नव्हतं. खेळ मोडून सगळे केव्हाच घरी गेले होते.

कावेरीनं लायबाचा हात धरला आणि तिला विजेच्या खांबापाशी नेऊन उभं केलं. पोरगी आता रडायच्याच बेतात होती. कावेरी तिच्या कानाशी वाकली.

“भिऊ नको. डोळे झाक आन् मोठ्यानं आकडे म्हण. मी त्या टाकीमागं लपणार हाय. तू ये मला शोधायला.”