चित्र न उघडल्यास

"तुझे रकाने एकमेकांच्या डोक्यावर बसलेत म्हणे!" मालकीणबाई म्हणाल्या आणि पत्रिकाबाईच्या हातातला चहा हिंदकळला.

घड्याळांच्या दुकानाची ई-पत्रिका दर महिन्याला चार हजार गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये जायची. ती बनवायची, म्हणून सगळे तिला पत्रिकाबाई म्हणत. पत्रिका फोनवर, लॅपटॉपवर, ज्या त्या मेल प्रोग्राममध्ये नीट दिसावी म्हणून ती जिवाचं रान करायची. तेरा प्रोग्राममध्ये स्वतः उघडून बघायची. आता हा चौदावा कुठला?

"मागच्या खोलीत. घड्याळजीकडे," मालकीणबाई म्हणाल्या. "आदिकाळातला प्रोग्राम आहे त्याचा, संगणकवाला सांगत होता. एकासाठी कशाला डोकं फोडतेस? सोड."

सोड म्हणे! दोन वर्षं ती त्या एकासाठीच तर रंग जुळवत होती. बाकीचे चार हजार म्हणजे नुसतं वऱ्हाड. त्यात हल्ली त्याने निळ्या शर्टाचा सपाटाच लावला होता. समोर गेली की तिची बोबडी वळायची. मग ती प्रत्येक चित्रामागे मनातलं लिहून मोकळी व्हायची. चित्र उघडलं नाही तर त्याच्या जागी दोन शब्द दिसावेत, अशी तिथे सोय असते. 'भिंतीवरचं घड्याळ' एवढंच लिहायचं असतं. पण चित्रं तेराही ठिकाणी उघडायची. कोण बघतंय!

नवा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन ती मागच्या खोलीत शिरली. भिंग कपाळावर सारून तो ताजी पत्रिका वाचत होता. पडद्यावर एकही चित्र नव्हतं. नुसत्या चौकटी, आणि चौकटींत तिची वाक्यं.

'पुन्हा निळा शर्ट! माझे रकाने वाकडे होतात.'

'दिवसभर भिंग लावतो, पण समोरची दिसेल तर शपथ!'

धरणी दुभंगली असती तर तिने आनंदाने उडी टाकली असती. आणि एवढ्यात, मेलं, हसूही फुटायला लागलं. ते काही केल्या आवरेना.

"हा... हा नवा प्रोग्राम," ती कशीबशी म्हणाली. "यात चित्रं दिसतील. सगळी."

त्याचे कान लालभडक झाले होते. त्याने निळ्या शर्टाची बाही सारखी केली. तिच्या हातातला पेनड्राइव्ह हळूच काढून घेतला आणि खणात टाकून खण लावून घेतला.

"दोन वर्षं त्या संगणकवाल्याला हाकलून लावतोय मी," तो म्हणाला. "चित्रं दिसायला लागली, तर तू लिहिलेलं कुठे वाचू?"