ती कुठे बघत होती

“तो फोटो मिरवू नकोस. कौतुक करणारे पोर सांभाळायला येत नाहीत,” ताईनं बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. आता तीच ताई काळा कोट घालून तिच्या शेजारी उभी होती आणि समोर बाळाचा ताबा मागणाऱ्या नवऱ्याचे वकील पुस्तक उघडत होते.

मुखपृष्ठावर तीच होती. मोर्चात, कडेवर बाळ, मान उजवीकडे वळलेली, नजर ताठ. बायका, छायाचित्रं आणि सत्तेला केलेला विरोध, यांवर एका प्राध्यापिकाबाईंनी लिहिलेलं जाडजूड पुस्तक. तिनंच हौसेनं एक प्रत सासूबाईंना दिली होती. आपल्यावरच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून.

वकिलांनी तीच प्रत आणली होती. रेघेवरची ओळ त्यांनी सावकाश वाचली. “‘ती बाळाकडे पाहतही नाही. इथे ती आधी नागरिक आहे, आई नंतर.’ हे आम्ही म्हणत नाही, मॅडम. शिकल्यासवरल्या बाई म्हणतात.”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. तिथेच सासूबाईंच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. एका पायातला मोजा गळून पडला होता. सकाळपासून तिचा जीव त्या पायात अडकला होता.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “तुम्हीच सांगा. लाठ्या चालल्या होत्या, कडेवर मूल होतं. तुम्ही बघत कुठे होता?”

तिच्या त्या नजरेवर व्याख्यानं झाली होती, परिसंवाद झडले होते. हा साधा प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नव्हता.

ताई कानाशी लागली. “पळायला गल्ली शोधत होते, म्हण. एवढं म्हणालीस की बाळ तुझं. बाकीचं गिळ.”

खोटं तसं अर्धंच होतं. गल्ली तिनं शोधली होतीच, पण नंतर. आणि तसं बोलली असती, तर कोर्टाच्या कागदावर कायमचं राहिलं असतं, की तिकडे फक्त गल्ली होती.

“एका मुलीकडे,” ती म्हणाली. “फोटोत ती आली नाही. दोघं पोलीस तिला केसांना धरून गाडीत कोंबत होते. ‘घरी सांगा’ म्हणत होती. कुणाच्या घरी, ते सांगायच्या आत दार लागलं. चौकीत दोनदा विचारलं मी. म्हणाले, त्या दिवशी आम्ही बाईमाणूस उचललंच नाही.”

ताईनं डोळे मिटले. वकिलांनी पुस्तक मिटलं. त्यांना पुढे काही वाचायची गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी बाळ सासूबाईंच्या खांद्यावरून त्यांच्या घरी गेलं.

ते पुस्तक कधीतरी तुमच्याही हाती येईल. ती कशी उभी आहे, ते बघत बसू नका. फोटो उजवीकडे जिथे संपतो, त्याच्या जरा पुढे एक मुलगी होती. निळा सदरा, लांब वेणी, विशीतली. तुमच्या शेजारपाजारची असेल, तर तेवढं दार वाजवून विचारून या हो, पोरगी घरी आली का.