सात फेऱ्या

आमच्या पूर्व डेट्रॉइटात भाजी आणायला दोन बस बदलाव्या लागतात, दारू मात्र कोपऱ्यावर मिळते. म्हणून रविवारी प्रार्थना आटोपल्यावर अख्खं चर्च रस्त्यापलीकडच्या त्या दारूच्या दुकानाला फेऱ्या घालायला निघालं. बायबलात सात फेऱ्यांनी यरीहो शहराची भिंत कोसळली, तिथे या दुकानाची काय कथा. पुढे पास्टर व्हिटलॉक, मागे गात गात आम्ही. सगळ्यांत खणखणीत आवाज म्हाताऱ्या मदर अर्नेस्टीनचा; वडीलधाऱ्या म्हणून सगळे त्यांना मदर म्हणायचे. त्यांची दोन्ही पोरं याच दुकानानं गिळली होती.

सातव्या फेरीला दुकानदार बाहेर आला. आम्हाला वाटलं, आता शिव्या देणार. तो अदबीनं पास्टरसमोर उभा राहिला.

"पास्टर, आलाच आहात तर छताचं बघा ना. किती दिवस सांगतोय, गळतंय. भाडं तर वेळेवर नेता."

गाणं जागच्या जागी थांबलं. पास्टर खालच्या आवाजात म्हणाले, "मदर, चर्चचा सगळा डोलारा त्या भाड्यावर उभा आहे हो."

"मग पडू दे," मदर म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरची रविवारची हॅट सारखी केली, रस्ता ओलांडला आणि चर्चला पहिली फेरी घालायला घेतली.