पहिला चमचा

निजामाच्या राज्यातल्या अणदुरात इरम्माचा नातू शिवशरण अशक्त म्हणून कायम घरातच असायचा. त्याचे दुधाचे दात तपकिरी पडून झिजले, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी तेलाची बाटली देऊन सांगितलं, "पोराला उन्हात खेळू द्या. जे सत्त्व उन्हातून मिळतं, तेच या तेलात आहे. रोज चमचाभर पाजा, म्हणजे नवे दात पक्के येतील."

तेलाच्या उग्र वासानं पोरगं तोंड मिटून बसायचं. मग इरम्मा रोज आधी स्वतः चमचाभर प्यायची आणि म्हणायची, "बघ, मी घेतलं का न्हाय? आता तू."

शिवशरणला पांढरे, घट्ट दात आले. ते डॉक्टरांना हौसेनं दाखवून, नवी बाटली घेऊन इरम्मा नातू आणि मुलगा वीरप्पा यांच्याबरोबर परतत होती. सरहद्दीच्या जकात नाक्यावर कारकुनानं बाटलीवरचं इंग्रजी वाचलं आणि तो हसला.

"अम्मा, ये तो मछली का तेल है! तुम लिंगायत लोगां मछली कब से खाने लगे?"

इरम्माचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. तिनं वीरप्पाकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"अव्वा, पोराच्या दातांसाठी केलं. तुमाला सांगितलं असतं, तर पाजलं असतं का तुमी?"



"त्याला पाजलं असतं रे," इरम्मा म्हणाली, "पण रोज त्याच्या आधी मी पीत होते, ते तू बघत होतास. माझ्या तोंडात एक तरी दात हाय का?"