भावाचा आहेर

"वकीलसाहेब, बहीण खुशीनं हक्क सोडतेय," म्हणत सर्जेरावांनी माझ्या टेबलावर हक्कसोडपत्र ठेवलं आणि त्यावर हिरवी इरकल साडी. आमच्या तालुक्यात ही रीतच आहे. बहिणीला साडीचोळी द्यायची आणि वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याची सही घ्यायची.

मी शेजारी बसलेल्या त्यांच्या बहिणीला, शालनताईंना सांगितलं, हिस्सा दोघांचा सारखा आहे आणि सहीची सक्ती नाही. सर्जेराव माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांचे बैल सोडून दिले होते.

ताईंनी साडीचा पोत बोटांनी चोळून बघितला. "सूत चांगलंय, दादा. आता माझा आहेर घे." त्यांनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली आणि एक कागद. तेही हक्कसोडपत्रच होतं, फक्त त्यात हक्क सोडणारे सर्जेराव होते.

"टॉवेल-टोपीवर तीन एकर सोडू?" सर्जेराव कडाडले. बोलून झाल्यावर त्यांची नजर साडीवर गेली. मग त्यांनी आपला कागद गुपचूप खिशात घातला आणि साडी उचलायला हात पुढे केला.

ताईंनी ती मांडीवर ओढून घेतली.

"साडी राहू दे. भावाचा आहेर कुणी परत देतं का?"