काचेतला धाकटा

युद्ध संपलं, पण सैनिकांचे फोटो न्यायला कुणी येईना. फोटोवाल्याने काचेच्या निगेटिव्ह रोपवाटिकेला विकल्या. रोपांवर त्या काचांचंच बुटकं छप्पर झालं. शेकडो चेहरे, गाल काळे, केस पांढरे. पाणी घालणारी म्हातारी एका काचेखाली थबकली. "अगं बाई, माझा धाकटा! घरी न येताच म्हातारा झाला." मालक म्हणाला, "आजी, ऊन सगळ्यांना पुसतंय." ती फोटोवाल्याकडे धावली. तो म्हणाला, "काचेखाली फोटोचा मसाला लावलेला कागद उन्हात धरला की फोटो सुलटा उमटतो, केस पुन्हा काळे. पण आता कुठला मिळायला!" "नसू दे. माझी कातडी आहे." रोज दुपारभर ती काचेला खालून उघडा दंड चिकटवून उभी राही. ऊन तिला भाजे, त्याला पुसे. काच कोरी झाली. "गेला ना, आजी?" मालक हळहळला. तिने बाही दुमडली. दंडावरून काळ्या केसांचा पोरगा मालकाकडे रोखून बघत होता.